हिरव्या मुखवट्याचे वारसदार

भाषांतरकाराच्या टेबलावर कधी कधी असा एखादा शब्द येऊन बसतो, की त्याला मराठी नाव शोधता शोधता दिवस मावळून जातो. ‘गॉब्लिन’ हा त्यांपैकीच एक. युरोपातील लोककथांत हा बुटका, कुरूप आणि खोडसाळ असा भूतवजा प्राणी असतो. आपल्याकडे भुतांची वाण नाही. परंतु प्रत्येकाचा स्वभाव आणि हद्द ठरलेली. मुंजा पिंपळ सोडीत नाही, गिऱ्हा पाण्याच्या काठी चकवतो, आणि वेताळ हा तर भुतांचा राजा. कोकणात नि गोव्यात तो ग्रामदैवतही आहे. शेवटी माझे मन समंधापाशी येऊन थांबले. इच्छा अपुरी राहिल्यामुळे घुटमळणारा आणि आपल्याच वंशजांच्या मानगुटीवर बसणारा हा समंध, ज्या पात्राविषयी मी आज लिहिणार आहे त्याला विलक्षण शोभतो. हे पात्र म्हणजे अमेरिकेतील ‘स्पायडर-मॅन’ चित्रकथांतील खलनायक ‘ग्रीन गॉब्लिन’, अर्थात हिरवा गॉब्लिन. आपल्या घरातील मुलांना त्याची ओळख असेल. थोरांनी ती करून घ्यावी असे मला वाटते, कारण ही कथा वरवर मारामारीची असली तरी आतून ती एका कुटुंबाची कथा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. ग्रीन गॉब्लिन हे एका माणसाचे नाव नव्हे. तो एक वेष आहे आणि तो अनेकांनी चढवला आहे. एकच मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहण्याची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला ‘फँटम’ आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ या नावाने घरोघर पोहोचला. ही मालिका 1964 साली सुरू झाली, आणि योगायोग असा की ग्रीन गॉब्लिनही त्याच वर्षी जन्मला. वेताळाच्या घराण्यात बाप मुलाला सर्व काही सांगतो. कवटीवर हात ठेवून शपथ होते, पूर्वजांचा इतिहास वह्यांत नोंदलेला असतो, आणि एकविसावा वेताळ आपल्यापूर्वीच्या वीस जणांना नावानिशी ओळखतो. जगाला वाटते की हा अमर आहे. घरात मात्र कोणापासून काही लपलेले नाही. गॉब्लिनच्या घरी नेमके याच्या उलट घडते. तेथे मुखवटा पुढे जातो तो कोणी हाती दिल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी लपवून ठेवल्यामुळे.

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या 14 व्या अंकात, जुलै 1964 मध्ये, हा खलनायक प्रथम अवतरला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को. डिट्को यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की ली यांच्या मूळ कल्पनेत हा इजिप्तमधील एका प्राचीन शवपेटीतून बाहेर पडणारा पिशाच होता. डिट्को यांनी ते भूत काढून टाकले आणि त्याच्या जागी वेष चढवलेला माणूस आणला. मला वाटते, या पात्राचे सारे दीर्घायुष्य त्या एका निर्णयात आहे. भुताला मुलगा नसतो, माणसाला असतो. आरंभी हा गृहस्थ यांत्रिक झाडूवर बसून उडत असे. 17 व्या अंकापासून त्याला वटवाघळासारखे उडते वाहन मिळाले, आणि त्याने ते आजतागायत सोडलेले नाही.

मुखवट्यामागे कोण आहे हे दोन वर्षे गुपित राहिले. ऑगस्ट 1966 च्या 39 व्या अंकात ते फुटले, तेव्हा डिट्को मालिका सोडून गेले होते आणि चित्रे जॉन रोमिता काढीत होते. गॉब्लिन निघाला नॉर्मन ऑस्बॉर्न. रासायनिक कारखान्याचा हा धनाढ्य मालक, स्पायडर-मॅनचा वेष घेणाऱ्या पीटर पार्करच्या वर्गमित्राचा, हॅरीचा, बाप. या मनुष्याने आपल्या भागीदाराला अफरातफरीच्या आरोपावरून तुरुंगात धाडले, त्याच्या कागदपत्रांतून एक रासायनिक सूत्र उचलले, आणि त्याच सूत्राच्या स्फोटात त्याची बुद्धी वाढली व विवेक गेला. या साऱ्या उद्योगात हॅरीकडे पाहायला त्याला वेळ नव्हता, हेही लेखकाने जाताजाता सांगितले आहे.

आता 40 व्या अंकाचा शेवट पाहा. झटापटीत विजेचा धक्का बसून ऑस्बॉर्नची स्मृती जाते. आपण गॉब्लिन होतो हे त्याला आठवत नाही. पीटर क्षणभर विचार करतो, हॅरीचे तोंड डोळ्यांपुढे आणतो, आणि हिरवा वेष आगीत लोटून देतो. बापाचे नाव स्वच्छ राहावे अशी कथा तो जगाला ऐकवतो. किती सज्जनपणाचे असत्य! मित्राच्या बापाची अब्रू झाकली, मित्राचा संसार मोडू दिला नाही. आपल्यापैकी कोणीही हेच केले असते. परंतु येथून पुढे जे घडले ते सगळे या एका झाकलेल्या गोष्टीवर उभे आहे.

1971 साली ऑस्बॉर्नची स्मृती परतली. त्या प्रकरणाला चित्रकथांच्या इतिहासातही स्थान आहे. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने ली यांना विनंती केली होती, की मादक पदार्थांचे दुष्परिणाम मुलांपुढे मांडणारी एखादी गोष्ट लिहावी. ली यांनी 96 ते 98 हे तीन अंक लिहिले, आणि त्यांत गोळ्यांच्या नादी लागलेला तरुण कोण, तर हॅरी. गंमत अशी, की चित्रकथांवर देखरेख ठेवणाऱ्या उद्योगाच्याच नियामक मंडळाने मादक पदार्थांचा उल्लेखसुद्धा निषिद्ध ठरवून मान्यता नाकारली. प्रकाशकाने ते अंक मंडळाच्या शिक्क्याशिवाय छापले, आणि त्याच वर्षी नियम बदलावे लागले. ज्या विषयाचे नावच घ्यायचे नाही, त्यापासून मुलांना सावध कसे करायचे, हा प्रश्न मंडळाला आधी सुचला नाही खरा. कथेत स्पायडर-मॅन गॉब्लिनला इस्पितळाच्या खिडकीपाशी नेतो. आत मुलगा निपचित पडलेला दिसतो आणि बाप कोसळतो; त्याची स्मृती पुन्हा जाते. तीन अंकांतील सर्वांत थोर चित्र हेच, असे माझे मत आहे. मुखवट्याच्या आत बाप अजून जिवंत होता.

तो फार काळ राहिला नाही. गेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या 1973 च्या 121 व्या अंकात गॉब्लिनने पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा बळी घेतला, आणि पुढच्याच अंकात स्वतःच्याच उडत्या वाहनाचे पाते छातीत घुसून तो मेला. हॅरीने बापाच्या प्रेतावरून हिरवा वेष उतरवून ठेवला, कोणाला कळू नये म्हणून. पाहा, पीटरने जे केले तेच मुलगाही करतो, आणि तेही प्रेमापोटीच. मात्र बाप कसा मेला हे त्याला कोणी नीट सांगितले नाही. त्याने स्वतःच अर्थ लावला: स्पायडर-मॅनने माझ्या वडिलांना मारले. 1974 साली तो वेष अंगावर चढवून हॅरी दुसरा ग्रीन गॉब्लिन झाला. पकडला गेला तेव्हा तो पोलिसांना ओरडून सांगत होता, की पीटर पार्कर हाच स्पायडर-मॅन आहे. ते अक्षरशः सत्य होते. पण वर्षानुवर्षे खोट्यावर चाललेल्या घरात सत्य बोलणारा वेडा ठरतो, आणि हॅरीची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

तेथील डॉक्टर बार्ट हॅमिल्टन याने संमोहनाखाली त्याची सारी गुपिते काढून घेतली आणि 1978 साली तो स्वतःच तिसरा गॉब्लिन बनला. घरात ज्या गोष्टीला वाचा नव्हती ती परक्याच्या हाती पडली, एवढाच या प्रकरणाचा अर्थ. बाकी कथा सामान्य आहे. बाँबस्फोटात हॅमिल्टन मेला, हॅरीला पुन्हा विस्मरण झाले, आणि पीटरने पुन्हा एकदा तोंड मिटून घेतले.

1983 साली आलेला ‘हॉबगॉब्लिन’ हा या घराण्याचा अनौरस वारस म्हणावा लागेल. पळता पळता एका भुरट्या चोराला ऑस्बॉर्नची दडवलेली खोली सापडते. वेष, वाहने, रोजनिशी सर्व जागच्या जागी. तो चोर ज्याला ही बातमी देतो तो त्या ठेव्याचा धनी होतो. हा नवा मुखवटेवाला कोण, हे लेखक रॉजर स्टर्न यांनी मनाशी ठरवले होते, परंतु सांगण्यापूर्वीच ते मालिकेतून बाहेर पडले. पुढच्यांनी 1987 साली नेड लीड्स या बातमीदाराचे नाव पुढे केले, आणि तेही तो मेल्यानंतर. दहा वर्षांनी, 1997 साली, स्टर्न परत आले आणि खरा मनुष्य रॉडरिक किंग्जली हा व्यापारी होता असे त्यांनी लिहून टाकले. लेखकांनीही एकमेकांपासून गुपिते ठेवली म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

परंतु या सर्व प्रपंचात मला वारंवार आठवतो तो हॅरीच. मधल्या काळात त्याचे लग्न झाले, लिझ ही पत्नी घरात आली, मुलगा झाला; आणि त्या मुलाचे नाव आजोबांवरून नॉर्मन, लाडाने नॉर्मी. आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडेही आहे, म्हणून हा तपशील आपणांस विशेष बोचेल. विसरलेले सारे हॅरीला पुन्हा आठवले. जे. एम. डीमॅटिस यांनी सॅल ब्युसेमा यांच्या चित्रांसह 1991 पासून ‘द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’मध्ये त्याचा शेवट रंगवला, तो मे 1993 च्या 200 व्या अंकापर्यंत. हॅरी पीटरला गुंगीचे औषध देऊन स्फोटके पेरलेल्या इमारतीत सोडतो. पण आत आपला मुलगाही आहे हे कळताच परत फिरतो, मुलाला बाहेर काढतो, आणि मग पीटरसाठीही परततो. बापाच्या सूत्रात त्याने केलेला बदल त्याच्या रक्तात विष होऊन भिनलेला असतो. रुग्णवाहिकेत, मित्र शेजारी असताना, तो मरतो. अखेरच्या पानांवर एकही शब्द नाही. पिता आणि पुत्र दोघांना एकच वेष मिळाला. पण इस्पितळाच्या खिडकीपाशी बापाला जे अर्धेच जमले ते मुलाने पुरे केले.

तेथेच ही कथा थांबली असती तर! पण मुखवटा ही प्रकाशकाची मिळकत असते. 1995 साली फिल युरिक नावाच्या तरुणाला तो सापडला व वर्षभर त्याने सत्कार्यासाठी वापरला (हाच युरिक पुढे खलनायक झाला). 1996 च्या अखेरीस नॉर्मन ऑस्बॉर्न स्वतःच जिवंत होऊन परतला, आणि 2008 मध्ये हॅरीही. विक्रीच्या दृष्टीने हे ठीक असेल. मला मात्र असे वाटते, की मेलेल्याला उठवून आणल्याने त्याच्या मरणाची किंमत आपल्याला परत द्यावी लागते.

हा समंध आपल्या देशातही येऊन गेला. 2004 साली गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ काढले. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांच्या या मालिकेत खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला पवित्र प्रभाकर हा नायक, आणि नलिन ओबेरॉय हा उद्योगपती खलनायक. हा ओबेरॉय कोणत्याही रसायनाने बदलत नाही. एका प्राचीन ताइताच्या योगाने त्याचा हिरवा राक्षस होतो. चित्रे देखणी आहेत, धोतर नेसलेला स्पायडर-मॅनही गोड दिसतो. तरीही डिट्को यांनी चाळीस वर्षांपूर्वी शवपेटीत परत पाठवलेला पिशाच भारतात मात्र राक्षस होऊन बाहेर आला, हे पाहून मी किंचित खट्टू झालो. मुंबईत रसायनांचे कारखाने नाहीत थोडेच, आणि बापाने मुलापासून लपवलेल्या गोष्टीही पुष्कळ सापडल्या असत्या.

सॅम रायमी यांच्या चित्रपटांनी ही नस अचूक पकडली. 2002 च्या चित्रपटात विलेम डफो यांचा ऑस्बॉर्न मरता मरता पीटरपाशी एकच मागणे मागतो: हॅरीला सांगू नकोस. पीटर ते पाळतो. प्रेत घरी आणून ठेवताना हॅरी त्याला पाहतो आणि खुनी समजतो. 2004 च्या दुसऱ्या चित्रपटाअखेर त्याला आरशामागील खोली सापडते; हिरवा मुखवटा तेथे वाट पाहतच असतो. 2007 च्या तिसऱ्या चित्रपटात, सूडाने आंधळा झालेल्या हॅरीला घरचा म्हातारा नोकर सांगतो, की तुमच्या वडिलांची जखम मी स्वतः धुतली आहे, ती त्यांच्याच वाहनाच्या पात्याची होती. अनेक प्रेक्षक या प्रसंगाची थट्टा करतात: एवढे ठाऊक होते तर हा इतकी वर्षे गप्प का बसला? मला ती थट्टा पटत नाही. ज्या घरात मालक मरताना गप्प राहण्याचे वचन घेतो, मित्र ते पाळतो आणि मुलगा काही विचारीत नाही, त्या घरातला नोकर पहिल्याच दिवशी कसा बोलणार? तो बोलला तेव्हा हॅरी मित्राच्या मदतीला धावला, आणि तेथे स्वतःच्याच वाहनाच्या पात्याने, बापासारखाच, मेला.