रानातील प्रतिजैविके

वन्य प्राणी वैद्याकडे जात नाहीत. तरीही प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू जगात ठिकठिकाणी समुद्रपक्ष्यांत आढळले आहेत. सांडपाणी, उकिरडे व भक्ष्य यांतून ते तेथवर पोहोचतात. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यापैकी वजनाने ८७ टक्के पाळीव प्राणी, त्यांत कुत्रीच ३९ टक्के, असे दिसले. कोपरगावच्या उसातही बिबट्या आहेच. म्हणजे गोठ्यातील जंतूंना रानाची वाट मोकळी आहे.

२०१९ साली केंद्र शासनाने खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच होय. परंतु बंदी औषधावर घालता येते, सवयीवर नाही. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीचे मूळ अधर्मात व प्रज्ञापराधात दाखविले आहे. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा आहे. त्यामुळे हा प्रश्न इतरांचा आहे, असे आम्ही मानीत नाही. साध्या पडशाला प्रतिजैविक न देणे, द्यावे लागल्यास योग्य मात्रेत व आवश्यक दिवसांपुरतेच देणे, पशुपालक रुग्णाकडे जनावरांच्या औषधांचीही चौकशी करणे, एवढे प्रत्येक सभासदाने करावे. रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडलेले औषध गावच्या सांडपाण्याबरोबर गोदावरीकडेच जाते, आणि तिच्या काठी रानही पाणी पिते.