बहिणीची सही आणि आपली ‘मस्लहत’

आपल्या पिढीची हिंमत मोबाइलवर दिसते. कुठे अन्याय झाला की तासाभरात पोस्ट पडते, स्टेटस बदलतं, निषेध सभेला गर्दी होते. यात वाईट काही नाही; गप्प बसण्यापेक्षा ते बरंच. पण ज्या अन्यायाविरुद्ध बोललं तर आपल्याच नावावरची जमीन कमी होणार आहे, त्यावर आपण कधी बोललो?

मी हक्कसोडपत्राबद्दल बोलतोय.

अब्बांचा चाळिसावा होतो न होतो, तोच वारसांच्या नोंदीचा विषय निघतो. भाऊ कागद तयार ठेवतात. बहिणीला बोलावलं जातं, जेवणं होतात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन तिची सही घेतली जाते. आपल्या हिश्शाची आजची किंमत किती, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर विषय संपतो. पुढे सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं उरतात आणि सगळे सांगतात, ‘तिनं राजीखुशीनं सोडलं.’

नाही म्हटलं तर ईदला माहेरचं दार उघडणार नाही, या भीतीनं केलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचं?

हे शरीयतमुळे होत नाही. शरीयत बाजूला सारून होतं. सूरह अन-निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तो समान असावा, या मताचा मी आहे. तो वाद आपण जरूर घालू. पण जो निम्मा सगळ्यांनाच मान्य आहे, तो तरी कुठे पोचतो? मुस्लिम कायद्याप्रमाणे बापाचा मृत्यू होतो त्याच क्षणी वारसांचे हक्क ठरतात. म्हणजे भाऊ बहिणीला काही ‘देत’ नसतो. तिचं आहे ते तो अडवून बसलेला असतो.

1937 चा शरीयत कायदा आणताना, रूढींमुळे मुस्लिम स्त्रियांचे हक्क बुडतात, हे एक कारण नोंदलेलं होतं. तरीही शेतजमीन त्यातून वगळली गेली. पर्सनल लॉला हात लावू नका म्हणून मोर्चे निघतात. त्याच पर्सनल लॉनं दिलेला बहिणीचा हिस्सा द्या म्हणून मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

उत्तरं तयार असतात. ‘लग्नात खर्च केला की!’ लग्नातला खर्च वारसाहक्कात वळता करायचा असेल, तर भावांच्या शिक्षणाची फी आणि दुकानासाठी दिलेलं भांडवलही त्याच हिशेबात धरा. ‘हिंदूंच्यात काय वेगळं आहे?’ खरं आहे. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू मुलींना समान हक्क मिळाला आणि त्यांच्याही सह्या घेतल्या जातात. पण शेजाऱ्याचं पाप आपली सबब होऊ शकत नाही.

सगळ्यात सभ्य उत्तर तिसरं आहे: ‘समाजावर बाहेरून एवढं संकट असताना घरचं कशाला काढता? हिकमत बाळगा, मस्लहत बघा.’ या दोन चांगल्या शब्दांचा आपण फार गैरवापर केला. हिकमत म्हणजे शहाणपण. कसं बोलावं, कधी बोलावं, हे ते शिकवतं. कधीच बोलू नका, असं सांगतो तो फक्त स्वार्थ. बाहेरचा अन्याय खरा आहे, त्याच्याशी लढायलाच हवं. पण बहिणीचा वाटा दाबून बसलेल्यानं सरकारकडे न्याय मागितला, तर त्या मागणीत वजन कुठून येणार?

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी होती. फक्त सात जणी! दलवाईंना आपल्याच समाजातून कडवा विरोध झाला. सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी, एक्कावन्न वर्षांनी. त्या सात जणी ‘योग्य वेळे’ची वाट बघत बसल्या नाहीत. सय्यदभाई या चळवळीत आले, त्यामागे स्वतःच्या बहिणीला मिळालेला तोंडी तलाक होता. करुणा अशी घरातून सुरू होते. दूरच्या दुःखावर हळहळायला पैसे पडत नाहीत. घरातल्या दुःखावर पडतात.

सूरह अन-निसामध्येच आणखी एक सांगणं आहे: न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरोधात जात असली तरी द्या. नैतिक धैर्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

मग शहाणपणानं करायचं काय? विषय बहिणीनं काढायची वाट बघू नका, भावानं काढा. तिला मागायला लावणं हाच अर्धा अपमान आहे. अम्मी-अब्बा हयात असतानाच सगळ्यांदेखत बोलून ठेवा. वारस नोंदीत सगळ्यांची नावं लावा, आईचंही. हिश्शाची बाजारातली किंमत बहिणीला कागदावर लिहून दाखवा. नाव लागल्यानंतर, ताबा मिळाल्यानंतर, वर्षा-दोन वर्षांनी तिला स्वतःहून काही सोडायचं असेल, तर तो तिचा अधिकार. आणि तिनं नाही सोडलं, तरी माहेर तिचंच.

सातबारा आता मोबाइलवर दिसतो. निषेधाची पोस्ट लिहायला लागतो तेवढाच वेळ त्याला पुरतो. आज उघडा आणि बहिणीचं, फुफीचं नाव त्यावर आहे का ते बघा. नसेल तर घरात पहिला प्रश्न तुम्ही विचारा.