मोबाईल हातात आला, पण बांधीतले पाणी कोण सोडणार?

रोवणी आटोपली की ई-पीक पाहणीची आठवण सुरू होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर आली. धुऱ्यावर उभे राहून धानाचा फोटो काढायचा, रेंज असली तर लगेच पाठवायचा, नसली तर गावात आल्यावर. पण या संगणकी नोंदीचा आणि बदलत्या हवामानाचा काही संबंध आहे काय?

आहे, पण सांगतात तितका सरळ नाही. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत शब्द दिला आहे, की २०७० पर्यंत हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ. संगणक आले की हे आपोआप होईल, असे पुष्कळांना वाटते. आयर्लंडचे पाहा. देश छोटा, संगणकाच्या धंद्यात पुढारलेला. २०२३ मध्ये तिथल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी खाल्ली. आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे, ते कोळशावर चालते. वीज कोळशाची असेल, तर मोबाईलही धूर सोडतोच. फक्त तो आपल्याला दिसत नाही.

सौर पंपाचे गणित जरा बरे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अर्ज ऑनलाइन. डिझेल वाचते, रात्रीचे जागरण वाचते. मात्र वीजबिल नाही म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला, तर विहिरीचे काय होईल ते तुम्हीच सांगा.

आपल्या भागाचा खरा प्रश्न धानाचा आहे. बांधीत पाणी साचून राहिले, की चिखलात हवा जात नाही, सेंद्रिय पदार्थ कुजतात आणि मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७-२८ पट अधिक तापवतो. उपाय साधा आहे. बांधीत छिद्रांचा पाइप गाडायचा, त्यातले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्यात मात्र पाणी ठेवायचे. मिथेन ३० ते ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. पाणीही वाचते.

खरीपात पाऊस आपल्या हातात नसतो, म्हणून हे उन्हाळी धानालाच नीट जमते. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे बोडी-तलावाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. वरच्याने पाणी अडवले तर खालचा काय करणार? एकट्या शेतकऱ्याने पाइप गाडून भागत नाही, पाळीपाळीने पाणी सोडण्याचे सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते. उपग्रहाला वरून ओली बांधी दिसेल, पण पाटाची मोरी उघडायला तो येणार नाही. कोहळी समाजाने हे तलाव बांधले, तेव्हा पाणीवाटपाची रीतही बसवली होती. ती रीत मोडली तिथे ॲप काय करील?

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील कार्बन बाजारासाठी चौकट जाहीर केली. उद्या कोणी कार्बनचे पैसे देतो म्हणून करारनामा घेऊन दारी आला, तर लगेच अंगठा लावू नका. करार किती वर्षांचा? पैशातला वाटा किती, केव्हा मिळणार? मोजणीचा खर्च कोणाच्या माथी? मधेच सोडायचे झाले तर? तुमच्या शेताची माहिती कोणाकोणाकडे जाणार? ही उत्तरे मराठीत लेखी मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. तलावाखालच्या बांधींची पाळीनिहाय यादी करून ठेवा, कोणत्या पाटावर कोणाची बांधी, एवढे तरी. उन्हाळी पेऱ्यापूर्वी ती झाली, तर एका पाटापुरता हा प्रयोग करून पाहता येईल.