समास कोरा हवा!

घरात बायबल आहे काय, असे आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर होकारार्थी येईल. ते वाचले जाते काय, असे विचारताच मात्र उत्तर अडखळते. लग्नात किंवा नव्या घराच्या आशीर्वादाच्या वेळी भेट मिळालेली सोनेरी कडांची प्रत आपण घरातील वेदीवर ठेवतो, तिच्यावरची धूळ पुसतो आणि देवशब्दाचा मान राखल्याचे समाधान मानतो. हा मान अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या बायबलच्या समासात घरातल्या कोणाचेही हस्ताक्षर नाही, ते बायबल त्या घरात अजून पाहुणेच आहे.

म्हणून बायबल विकत घेताना कातडी बांधणीकडे पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ग्रंथसंख्या. त्रेंट परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी निश्चित केलेल्या यादीप्रमाणे आपल्या बायबलात ७३ ग्रंथ आहेत. तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ ज्यात नाहीत, ती ६६ ग्रंथांची प्रत केवळ समास रुंद आहे म्हणून उचलू नये. दुसरी गोष्ट, टिपा आणि ख्रिस्तसभेची मान्यता. १९८३ च्या धर्मसभा कायद्याचे ८२५ वे कलम अनुवादाला मान्यतेबरोबरच पुरेशा स्पष्टीकरणाचीही अट घालते. तिसरी गोष्ट, कोरी जागा. ही तिसरी गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही आणि कोणी विचारत नाही म्हणून प्रकाशकही ती पुरवण्याची तसदी घेत नाहीत.

पवित्र ग्रंथावर लिहिणे हा त्याचा अवमान आहे, असे काही भाविकांना मनापासून वाटते. मंदिरातील वाचनग्रंथ हा उपासनेचा ग्रंथ आहे. त्यावर कोणीही रेघ ओढू नये, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु घरचे बायबल अभ्यासासाठी आहे. बाराव्या शतकात युरोपातील मठांत आणि विद्यालयांत जी भाष्यासहित बायबले वापरली जात, त्यांत मूळ वचने पानाच्या मध्यभागी आणि त्यांचे विवरण भोवतालच्या समासात, किंबहुना ओळींच्या मधल्या जागेतही असे. त्या भाष्याला 'ग्लोसा ऑर्दिनारिया' म्हणत. समासात लिहिण्याची रीत ख्रिस्तसभेच्या घरातलीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येकजण समासात लिहू लागला तर प्रत्येकाचा अर्थ निराळा होईल आणि श्रद्धेची एकवाक्यता ढळेल, असे म्हटले जाते. आम्ही उलट विचारतो, ज्याला वाचताना प्रश्नच पडत नाही, त्याला ख्रिस्तसभेने उत्तर तरी कशाचे द्यावे? प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. आपल्याला अर्थ कळत नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितले, म्हणूनच फिलिप त्याच्या शेजारी जाऊन बसू शकला. समास हा निर्णय देण्याचा चौथरा नव्हे. अडलेले वचन, प्रवचनात ऐकलेला खुलासा, धर्मगुरूंना विचारायची शंका, आजारपणात आधार देणारी ओळ, एवढ्यांसाठीच तो आहे. छापील टीप ख्रिस्तसभेचे मत सांगेल. हाताने लिहिलेली टीप आपण ते कितपत ऐकले, हे सांगेल.

मोबाइलवर सारे मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे तरुण विचारतील. वाचायला मिळते, हे खरे. परंतु यंत्र बदलले की त्यातील नोंदी बहुधा मागेच राहतात. वारशाने नातवाच्या हाती येते ते आजीचे अक्षर. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळेच ते महाकाव्य आपल्यापर्यंत पोहोचले. छापखान्याने गमावलेले हस्ताक्षराने राखले, हा आपल्याच भाषेचा इतिहास आहे.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि घरात इंग्रजी अभ्यास-बायबल येते. ते जरूर यावे. परंतु त्याच्या समासात मराठी उमटावी, घरात कादोडी किंवा वाडवळी बोलली जात असेल तर तीही उमटावी. ज्या भाषेत आई प्रार्थना शिकवते, त्या भाषेत वचनाचा अर्थ लिहून पाहिल्याशिवाय तो आपला होत नाही.

अडचणी आहेत, पण त्या अवघड नाहीत. बायबलचा कागद पातळ असतो, शाई मागे उमटते. तेव्हा पेन्सिल किंवा बारीक टोकाचे बॉलपेन वापरावे, आणि तेही आधी शेवटच्या पानावर लिहून पाहावे. समास अरुंद असेल तर बाइंडरकडून पानांमध्ये कोरी पाने घालून घ्यावीत. संपूर्ण ग्रंथ त्याने फार जाड होईल, म्हणून नवा करार आणि स्तोत्रे यांची वेगळी प्रत घेऊन आरंभ करावा.

आपल्या प्रकाशकांकडे आमची मागणी एकच आहे. पुढील मराठी आवृत्ती सोनेरी नसली तरी चालेल, समास मात्र दोन बोटे रुंद ठेवा. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. येत्या त्या रविवारपर्यंत प्रत्येक कुटुंबाने वेदीवरचे बायबल खाली काढावे आणि त्याच्या समासात निदान एक ओळ, तारखेसह, लिहावी.