दप्तर कोणास उघडावें?

वकिलाच्या माघारीं त्याच्या घरांत दोन वस्तु राहतात: भिंतीवरची तसबीर आणि माळ्यावरचे रुमाल. तसबिरीस हार घालणें सोपें. रुमालांचें काय करावें, हें मात्र पुष्कळ घरांस उमजत नाहीं.

साताऱ्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच प्रसंग आला. सासरे वकील, त्यांस जाऊन दोन वर्षें झालेलीं. सांगलीहून एक गृहस्थ आले आणि आपण एका जुन्या अशिलाचे पुतणे आहों, दिवंगत काकांच्या मृत्युपत्राचा खर्डा पाहूं द्यावा, असें म्हणाले. वाड्याच्या चतुःसीमा, दाव्याच्या तारखा, सारें त्यांस मुखोद्गत. सूनबाईंनीं चहा दिला. कागद दिला नाहीं. पाहुण्यानें दिलेल्या क्रमांकावर न विसंबतां सासऱ्यांच्या वहींतील पत्त्यावर त्यांनीं चौकशी केली. काकूंस या भेटीची वार्ताही नव्हती. आणि खर्डा होता त्यांच्या राहत्या घराचा!

माहिती असणें निराळें, अधिकार असणें निराळें. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट ही ठेव होय. वकिलीचा संबंध संपला तरी हें बंधन संपत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १२६ वें कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांतही तेंच तत्त्व कायम आहे. बेकायदा हेतु साधण्यासाठीं झालेल्या बोलण्यास मात्र हें संरक्षण नाहीं.

म्हणून तीन प्रश्न विचारावे: आपण कोण? कोणत्या नात्यानें मागतां? नेमका कोणता कागद हवा? पहिल्याचें उत्तर ओळखपत्रानें मिळेल. दुसऱ्यास अशिलाची लेखी संमति हवी. अशील हयात नसेल, तर मृत्युपत्राचे व्यवस्थापक वा कायदेशीर वारस कोण, हें कागदावरूनच ठरवावें. नुसतें काका-पुतण्याचें नातें पुरेसें नाहीं. वारसांत तंटा असल्यास जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहावी. जें द्यावयाचें तेवढीच नक्कल द्यावी, आणि पोंच घ्यावी.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचें दप्तर उजेडांत आणलें, म्हणून कोणी आम्हांस जुने कागद झांकण्याचा दोष देईल. पण तीं पत्रें गतकाळच्या राजकारणाचीं होतीं. येथें हयात माणसांचें छप्पर गुंतलेलें आहे.

एक गोष्ट मात्र घरच्या मंडळींनींही ध्यानीं धरावी. रुमाल आपल्या माळ्यावर आहेत, एवढ्यानें ते वाचण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं. ते काम पुढें चालविणाऱ्या वकिलाकडे अशिलाच्या संमतीनें सोंपवावे, नाहीं तर ज्याचे त्यास परत करावे. सूनबाईंनीं तो खर्डा स्वतःही उघडून पाहिला नाहीं. काकूंनींच आपल्या घराचें नांव काढलें, तेव्हां तो कशाचा हें त्यांस कळलें. सासऱ्यांच्या तसबिरीस याहून मोठा हार कोणता?