सायकल शर्यतींचा कारभार आणि खेळाडू

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. ४३७ किलोमीटरच्या त्या मार्गावर रस्ते शासनाचे होते, बंदोबस्त पोलिसांचा होता. नियम मात्र स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाचे होते. १९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेला हा संघ शर्यतींची प्रतवारी ठरवितो, सायकलच्या हँडलची किमान रुंदीसुद्धा निश्चित करतो आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपदही तोच देतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही मक्तेदारी होय. ती टाळता येण्याजोगी नाही, हेही मान्य केले पाहिजे. जगज्जेता एकच हवा असेल, तर नियमकर्ताही एकच लागतो. १९६५ नंतर हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंसाठी दोन वेगळे महासंघ निर्माण झाले; १९९२ मध्ये ते पुन्हा एकत्र आणावे लागले. परंतु मक्तेदाराला जाब विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होते, हे लान्स आर्मस्ट्राँग प्रकरणाने दाखवून दिले. त्याची उत्तेजकसेवनाची लबाडी उघडकीस आणली ती अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने. २०१२ मध्ये त्याची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदे गेली. संघाच्या तत्कालीन नेतृत्वाने त्याला झुकते माप दिले होते, असा ठपका स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१५ मध्ये ठेवला. उत्तेजक चाचण्यांचे काम आता स्वतंत्र यंत्रणेकडे आहे. पण हे शहाणपण फार उशिरा सुचले.

या साऱ्याशी वर्ध्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. सेलू-देवळीच्या रस्त्यांवर सराव करणाऱ्या मुलामुलींना त्या पातळीवर पोचायचे तर जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि भारतीय सायकलिंग महासंघ या पायऱ्या चढाव्याच लागतात. प्रत्येक पायरीवर मक्तेदारी आहे. तेथे अन्याय झाला, तर दुसरे दार नाही.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना व महिलांना स्थान दिले आणि दाद मागण्यासाठी न्यायाधिकरणाची तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि त्याचा कस दिल्लीत नव्हे, जिल्ह्यात लागेल. निवडीचे निकष आधी लेखी जाहीर व्हावेत, जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा आणि समितीत आजी-माजी सायकलपटू असावेत. एवढ्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत करणे शासनाला जमले. खेळाडूला दाद मागण्याचा रस्ता मोकळा करणे त्याहून अवघड नसावे.