बऱ्या सालात झालेले कर्ज



कापसाच्या शेवटच्या गाड्या नेरडीगोंड्याहून आदिलाबादच्या यार्डाकडे निघून गेल्या की आमच्या बँकेच्या दारात गर्दी वाढू लागते. कुणाला पीककर्जाचे नवे-जुने करायचे असते, कुणाला सोने सोडवायचे असते, आणि बऱ्याच जणांना नुसते विचारायचे असते, "साहेब, यंदा माफी होणार का?" आम्ही साहेब नाही, कारकून आहोत. बी.कॉम. झाल्यावर परीक्षा देऊन काउंटरमागे बसलो, त्याला वीस वर्षे झाली. एवढ्या काळात आपल्या समाजातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घराचे पासबुक हाताखालून गेले. कुणाचे नाव घेणार नाही. पण त्या पासबुकांतून जे दिसते ते कधीतरी लिहावे असे मनात होते, म्हणून हा लेख.

कर्ज वाईट सालात होते असे सगळे म्हणतात. पाऊस गेला, बोंडअळी आली, भाव पडला, म्हणून कर्ज झाले. आमचा अनुभव वेगळा आहे. वाईट सालात कर्ज फक्त उघडे पडते. ते झालेले असते त्याआधीच्या चांगल्या सालात.

2021-22 चा हंगाम आठवा. लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव होता क्विंटलला 6,025 रुपये आणि व्यापारी दहा हजारांच्या वर देत होते. तसा भाव आपल्या वडिलांनीही पाहिला नव्हता. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे किती स्लॅब पडले, किती लग्नांत दोन हजार पाने उठली, किती घरांसमोर चारचाकी आली, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे. यातली बहुतेक कामे केवळ कापसाच्या पैशावर झाली नाहीत. हातात पैसा आला म्हणून हिंमत वाढली, आणि त्या हिमतीवर आणखी कर्ज काढले गेले. भाव पुढच्या सालीही असाच राहील असे धरून हप्ते ठरवले. दोन वर्षांनी, 2023-24 मध्ये, हमीभाव 7,020 होता आणि तोच मिळावा म्हणून रांगा लावाव्या लागल्या. हप्ता मात्र दहा हजारांच्या भावाचाच राहिला.

दुसऱ्याला सांगणे सोपे, म्हणून आमच्याच घरचे सांगतो. आम्ही नोकरीत, दादा शेतीत. आठ एकर जमीन एकत्र. घरावर आठ लाखांचे कर्ज, दर 9 टक्के, मुदत 15 वर्षे, महिन्याचा हप्ता 8,114 रुपये. निम्मा पगारातून, निम्मा कापसातून, असे भावाभावांत ठरलेले. पहिल्याच वर्षी तो सोन्यासारखा भाव आला. आम्ही कागदावर हिशेब मांडला होता: वर्षाअखेर एक लाख रुपये मुद्दलात जादा भरले तर हप्ता तोच राहून कर्ज तीन वर्षांहून थोडे अधिकच लवकर संपते, आणि व्याजाचे दोन लाखांवर पैसे वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे जादा भरायला दंडही लागत नाही, रिझर्व्ह बँकेने तो 2012 सालीच बंद केला. सगळे ठाऊक असूनही आम्ही काय केले? वरचा मजला काढला. पैसे कमी पडले तेव्हा वहिनींच्या पाटल्या तारण ठेवल्या. "पुढच्या दिवाळीला सोडवू" असे म्हटले होते. व्याज भरून त्या दर वर्षी पुन्हा ठेवाव्या लागतात, आणि वहिनींनी आजवर एका शब्दाने विचारलेले नाही, याचेच जास्त वाईट वाटते.

ही चूक आपल्या पिढीची नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, तेव्हा मुंबई इलाख्यात कापसाला सोन्याचे दिवस आले. सावकारांनी शेतकऱ्यांना मागतील तेवढे पैसे दिले, कारण जमिनीची किंमत वाढलेली. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यात सरकारने साराही वाढवला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुस्तकांत दंगा वाचायला मिळतो, पण ज्या कागदांची होळी झाली त्यांतले पुष्कळ व्यवहार भरभराटीच्या सालांत वाढलेले होते, हे आपल्या लक्षात येत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी जमिनी आधी गेल्या त्या गोंडांच्या. कुमरम भीमच्या 1940 च्या लढ्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला इकडच्या आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमले. त्याच्या लिखाणात बाहेरून आलेल्या सावकारांचा आणि शेतकऱ्यांचा जो उल्लेख येतो, त्यात मराठी बोलणारेही आहेत. आपण आज सावकाराच्या नावाने बोटे मोडतो, तेव्हा जुन्या वहीची ती पानेही लक्षात असलेली बरी.

आता नवे-जुने म्हणजे काय ते पाहू. पीककर्ज दीड लाखाचे आहे. मुदत भरत आली. घरात पैसे नाहीत. मग अडत्याकडून आठ दिवसांसाठी दीड लाख आणायचे, बँकेत भरायचे, दोन-चार दिवसांत नवे कर्ज मंजूर झाले की उचलून अडत्याला द्यायचे. अडत्या आठ दिवसांचे व्याज घेत नाही, महिन्याचे घेतो: शेकडा दोनने तीन हजार. बँकेचे वेळेत भरल्यावर 4 टक्क्यांनी सहा हजार. म्हणजे वर्षाला नऊ हजार गेले आणि मुद्दल होते तिथेच. अशी दहा वर्षे चाललेली पासबुके आम्ही पाहिली आहेत. नव्वद हजार भरूनही दीड लाख डोक्यावर. शेतकरी मात्र मान वर करून सांगतो, "मी कधी थकलो नाही." आणि खरेच, बँकेच्या लेखी तो उत्तम खातेदार असतो. आम्हीच त्याच्या फॉर्मवर शिक्के मारतो.

तरीही वेळेत भरणेच शहाणपणाचे, हेही सांगतो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला दर 7 टक्के, आणि मुदतीत भरले तर 3 टक्के सूट, म्हणून 4 टक्के. लाखाला वर्षाचे चार हजार. घरकर्जाचे नऊ हजारांच्या आसपास. आणि खत-बियाण्याच्या दुकानातली उधारी? आपल्याकडे तेलुगूच्या संगतीने म्हणतात, "दोन रुपयांची वड्डी," "तीन रुपयांची वड्डी." ऐकायला चहाच्या कपाएवढी. पण ती शेकड्याला, दर महिन्याला. लाखाला वर्षाचे चोवीस ते छत्तीस हजार! वर कापूस त्याच दुकानदाराच्या काट्यावर घालायची अट असते, त्याचा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. जुन्या काळी दामदुप्पट म्हणून नियम होता, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येत नसे. तीन रुपयांच्या वड्डीने मुद्दलाएवढे व्याज व्हायला तीन वर्षेही लागत नाहीत.

मग आधी कोणाचे फेडावे? जो दारात येऊन बसतो त्याचे, ही आपली रीत. पत्र पाठवणाऱ्याचे मागे पडते. दुकानदाराचे आधी फेडणे व्याजाच्या हिशेबाने बरोबरच आहे, पण घरकर्जाचे पत्र तरी फेकू नका. इथे लोकांची भीती चुकीच्या जागी असते. शेत बँक लिलावात काढील म्हणून माणूस रात्र रात्र जागतो. वस्तुतः बँका ज्या 2002 च्या कायद्याने कोर्टात न जाता तारण ताब्यात घेतात, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर वगळलेले नाही. अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकले तर खाते एनपीए होते, घरकर्जाला मात्र 90 दिवस. त्यानंतर 60 दिवसांची नोटीस, की कारवाईला वाट मोकळी. कापूस विकला जातो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि हप्ता मागितला जातो बाराही महिने. जून-जुलै-ऑगस्टात आपल्या घरांत पैसा कुठून येणार? तेव्हा कापसाची पट्टी हातात पडली की पहिल्या आठवड्यात सहा हप्ते, आमच्या हिशेबाने 48,684 रुपये, वेगळ्या खात्यात टाकावेत आणि ते खाते घरातल्या बाईच्या नावे ठेवावे. पुरुषांच्या खात्यातून ते पोळ्यापर्यंत टिकत नाहीत, हे आम्ही काउंटरवरून सांगतो.

राहिला माफीचा प्रश्न. आमचा माफीला विरोध नाही. 2024 च्या माफीत ज्यांचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज सुटले त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही पाहिला आहे. पण ती अल्पमुदतीच्या पीककर्जाची, 12 डिसेंबर 2018 ते 9 डिसेंबर 2023 मधल्या कर्जाची, आणि कुटुंबाला एक. दोन लाखांच्या वरचे असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरायची. घराचे, सोन्याचे, दुकानाचे त्यात काही नाही, म्हणजे जे कर्ज सर्वांत जास्त टोचते ते तसेच राहिले. त्याआधी 2014 ची लाखाची माफी सरकारने चार वर्षांच्या हप्त्यांनी दिली. सरकारलाही हप्ते पाडून घेता येतात, आम्हाला नाही! त्या मधल्या काळात व्याज वाढत राहिले आणि कित्येकांना नव्या कर्जासाठी पुन्हा दुकानदाराकडे जावे लागले. आणखी एक आपले खास दुखणे आहे. 1956 साली किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. सोयरीक मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहे. 2017 आणि 2019 ला महाराष्ट्रात माफी झाली तेव्हा किनवट-माहूरचे पाहुणे लग्नात सांगत होते, आणि इकडच्या काहींनी आपलीही होणार म्हणून भरणे थांबवले. सरकार वेगळे, यादी वेगळी. त्यांची 3 टक्क्यांची सूट तेवढी गेली.

निवडणुकीत माफीचा आकडा विचारण्यापेक्षा दुसरे काही मागता येईल. शेतीवर जगणाऱ्याच्या घरकर्जाला हप्ता महिन्याचा न ठेवता वर्षातून एकदा किंवा दोनदा, कापूस आणि हरभरा निघाल्यावर, ठेवावा, आणि थकबाकीचा हिशेबही त्याच मुदतीने व्हावा. ट्रॅक्टरच्या कर्जाला पिकाप्रमाणे हप्ते असतात, मग ट्रॅक्टर ज्या अंगणात उभा राहतो त्या घराला का नसावेत? कापसाची सरकारी खरेदी पहिल्या वेचणीबरोबर सुरू व्हावी. 2025-26 ला हमीभाव 8,110 झाला हे चांगलेच, पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत, आणि परत आलेली गाडी शेवटी जाते त्याच उधारीच्या दुकानात. आणि कर्जाचे कागद सहीपूर्वी आपल्या भाषेत वाचून दाखवावेत. आमच्याकडे सही करणाऱ्या दहांतल्या आठांना आपला दर बदलता आहे की स्थिर, हे माहीत नसते.

यातले हप्त्याचे काम एकट्या शाखेच्या हातात नाही. जिल्ह्याच्या बँकांची समिती कलेक्टरांपुढे बसते, तिथे ते मांडावे लागेल. आमची नोकरी असल्यामुळे निवेदनावर आमची सही चालणार नाही. मसुदा मात्र मराठीत आणि तेलुगूत तयार करून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. नवे-जुने करायला याल तेव्हा वाटेत थांबून वाचून घ्या, आणि पटले तर सही करा.